धाप वयाची की हृदयाची? वृद्धांच्या फुप्फुसांतील वाढता रक्तदाब

जिन्याच्या दहा पायऱ्या चढताच धाप लागते, रात्री डोक्याखाली दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही, संध्याकाळी पायांवर सूज दिसते. सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीच्या अशा तक्रारींना घरात बहुधा एकच उत्तर मिळते, ते म्हणजे आता वय झाले. छत्तीसगडमधील भिलाईजवळच्या हथखोजसारख्या औद्योगिक वसाहतीत आणखी एक उत्तर तयार असते. आयुष्यभर कारखान्यात धूळ आणि धूर घेतला, आता दमा व्हायचाच. ही दोन्ही उत्तरे काही वेळा बरोबर असतात. मात्र ज्या वृद्धांचे हृदय दुर्बल झालेले आहे, त्यांच्या बाबतीत धापेचे मूळ अनेकदा तिसऱ्याच ठिकाणी असते. हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्ताचा दाब उलटा चढत जातो आणि फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांना तो सोसावा लागतो. वैद्यकशास्त्रात या स्थितीला डाव्या हृदयाच्या विकारामुळे होणारे पल्मनरी हायपरटेन्शन असे म्हणतात.

दंडाला पट्टा बांधून मोजला जातो तो रक्तदाब वेगळा आणि हा वेगळा. पट्ट्यावरचा आकडा १२० वर ८० असा अगदी सामान्य असतानाही फुप्फुसांतील दाब दुप्पट झालेला असू शकतो. बाहेरून तो कोणत्याही पट्ट्याने मोजता येत नाही, आणि त्याकडे दुर्लक्ष होण्याचे हेही एक कारण आहे.

भिलाईचा पोलाद कारखाना सोवियत संघाच्या सहकार्याने उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरील या नव्या नगरीत देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूची मराठी कुटुंबेही त्यांत होती. पोलादाला पूरक असे जोडकाम, ओतकाम आणि यंत्रांचे सुटे भाग घडवणारे कारखाने पुढे हथखोज व आसपासच्या परिसरात वाढले. त्या पहिल्या पिढीतील जे हयात आहेत ते आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत, आणि त्यांच्यानंतर भरती झालेलेही आता निवृत्त झाले आहेत. नवी म्हणून वसवलेली नगरी अशा रीतीने वृद्धांची नगरी होऊ लागली आहे. औद्योगिक भारतातील अनेक शहरांची हीच कथा आहे.

दोन पंप, दोन दाब

हृदय हा एकच अवयव असला तरी त्याचे काम दोन पंपांचे आहे. उजवा पंप शरीराकडून आलेले रक्त फुप्फुसांत पाठवतो. डावा पंप फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त साऱ्या शरीराला पुरवतो. विश्रांतीच्या वेळी दोन्ही पंप मिनिटाला सुमारे ५ लिटर इतकेच रक्त ढकलतात, पण त्यासाठी लागणारा दाब अगदी निराळा असतो. डाव्या बाजूला १२० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब निर्माण करावा लागतो, तर उजव्या बाजूला २५ पुरतो. फुप्फुसांतील वाहिन्यांचे जाळे विस्तीर्ण, मऊ आणि ताणले जाणारे असते, त्यामुळे रक्त तेथून सहज सरकते. फुप्फुस धमनीतील सरासरी दाब निरोगी माणसात १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. एवढ्या हलक्या कामासाठी निसर्गाने उजव्या जवनिकेची, म्हणजे उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्याची भिंतही पातळ ठेवली आहे.

आता डावा पंप बिघडला तर काय होते, हे समजण्यासाठी धरणाचे उदाहरण उपयोगी पडते. भिलाईच्या कारखान्याला पाणी पुरवणारे तांदुला धरण या भागात सर्वांच्या परिचयाचे आहे. धरणाचे दरवाजे उघडेनासे झाले तर पाणी खालच्या अंगाला कमी जाईल हे उघडच आहे, पण त्याआधी वरच्या अंगाला फुगवटा येईल. पाणी मागे मागे सरकत शेते आणि गावे गाठेल. डाव्या जवनिकेने रक्त पुरेसे आत घेतले नाही किंवा पुरेसे बाहेर ढकलले नाही, तर तिच्या वरची डावी कर्णिका तुंबते. कर्णिकेमागे फुप्फुस शिरा तुंबतात. शिरांमागे केशवाहिन्या आणि त्यांच्यामागे फुप्फुस धमनी येते. केशवाहिन्यांतील दाब मर्यादेबाहेर गेला की त्यांतील पाणी झिरपून फुप्फुसाच्या वायुकोशांभोवती आणि पुढे वायुकोशांतही साचते. आडवे झाल्यावर पायांतील रक्त छातीकडे परतते, फुगवटा वाढतो आणि माणूस उठून बसतो. उशांची संख्या हे म्हणूनच केवळ सोयीचे लक्षण राहत नाही. हृदयरोगतज्ज्ञ रुग्णाला ‘किती उशा घेता?’ असे विचारतात, त्यामागे हाच हिशोब असतो.

फुगवटा अल्पकाळ टिकला तर फारसे नुकसान होत नाही. डाव्या बाजूचा भार उतरताच फुप्फुसांतील दाबही उतरतो. महिने आणि वर्षे तो टिकून राहिला तर मात्र फुप्फुसांतील लहान धमन्या आकसतात आणि त्यांच्या भिंती जाड होतात. मागून आलेल्या दाबात वाहिन्यांच्या स्वतःच्या अडथळ्याची भर पडते. हा अडथळा ज्या एककात मोजतात त्याला ‘वूड युनिट’ असे नाव आहे. पल्मनरी हायपरटेन्शनवर मूलभूत काम करणारे ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ पॉल वूड यांच्यावरून ते पडले. अडथळा २ युनिटांपर्यंत असेल तर दाब केवळ मागून आलेला आहे असे मानतात, त्यापुढे गेला तर दोन्ही कारणे एकत्र आली आहेत असे समजतात. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांची वाटचाल अधिक कठीण असते, कारण पातळ भिंतीच्या उजव्या जवनिकेला तो भार फार काळ पेलत नाही.

उजवी बाजू थकली की लक्षणांचा चेहरा बदलतो. धापेपेक्षा सूज पुढे येते. घोट्यांपासून पिंढऱ्यांपर्यंत पाय जड होतात आणि बोटाने दाबल्यास खळगा राहतो. यकृत फुगते, पोटात पाणी साचते, चार घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते. भूक गेलेल्या वृद्धाला घरचे लोक पित्ताचे औषध देत राहतात. मूत्रपिंडांतून रक्त नीट परत फिरत नसल्याने क्रिएटिनिनचा आकडा चढतो आणि सारे लक्ष मूत्रपिंडाकडे वळते. अनेक अवयवांच्या तक्रारी दिसतात, पण उगम एकच असतो.

अहवालातील दोन आकडे

फुप्फुसांतील दाब प्रत्यक्ष मोजण्याचा मार्ग १९२९ मध्ये खुला झाला. जर्मनीतील एबर्सवाल्डे येथील तरुण शल्यचिकित्सक व्हेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या हाताच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत क्ष-किरण विभागात जाऊन छायाचित्र काढून घेतले. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नाँ आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी पुढे याच पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली. तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टोकाला फुगा असलेली नळी १९७० मध्ये आली. तो फुगा फुप्फुस धमनीच्या एका फांदीत अडकवला की पलीकडच्या डाव्या कर्णिकेतील दाबाचा अंदाज येतो. हा दाब १५ मिलिमीटरहून अधिक असेल तर दोष डाव्या बाजूचा आहे, असा निष्कर्ष काढतात. निदानाची अंतिम कसोटी आजही हीच आहे.

सरासरी दाब २५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल तरच तो विकार मानायचा, असा संकेत अनेक दशके होता. २०१८ मध्ये फ्रान्समधील नीस येथे झालेल्या जागतिक परिसंवादात ही मर्यादा २० वर आणण्याची शिफारस झाली आणि युरोपीय संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती स्वीकारली. पूर्वी ‘ठीक आहे’ म्हणून घरी पाठवले गेलेले काही रुग्ण त्यामुळे आता विकाराच्या व्याख्येत बसतात.

प्रत्येक वृद्धाच्या हृदयात नळी घालणे शक्य नसते आणि तशी गरजही नसते. व्यवहारात पहिला अंदाज इकोकार्डिओग्राफीने येतो. उजव्या बाजूच्या त्रिदली झडपेतून थोडे रक्त मागे गळत असते. ध्वनिलहरींनी त्या गळतीचा वेग मोजतात. वेगाचा वर्ग करून त्याला ४ ने गुणले की दोन कप्प्यांतील दाबाचा फरक मिळतो. वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर फरक ३६ येतो. त्यात उजव्या कर्णिकेचा अंदाजे दाब, समजा ८, मिळवला की ४४ हा आकडा तयार होतो. अहवालात तो ‘आरव्हीएसपी’ किंवा ‘पीएएसपी’ या अक्षरांपुढे छापलेला असतो. वेग २.८ मीटरच्या पुढे गेला की डॉक्टरांच्या मनात शंका निर्माण होते. तरीही हा अंदाजच असतो. गळती नीट दिसली नाही तर तो चुकतो, आणि म्हणून त्यावरून थेट औषध ठरवणे योग्य नाही.

बहुतेक घरांत मात्र अहवालातील दुसराच आकडा वाचला जातो. ‘इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के’ हे वाचून मंडळी निर्धास्त होतात, कारण हृदय उत्तम चालले आहे असा त्याचा अर्थ लावला जातो. हा आकडा डावी जवनिका प्रत्येक ठोक्याला आपल्यातील किती टक्के रक्त बाहेर टाकते ते सांगतो. ती किती सहजतेने भरते, याविषयी तो काहीच सांगत नाही. वृद्धापकाळात घोटाळा नेमका तेथेच असतो. वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलपणा आणि वय यांमुळे हृदयाचा स्नायू जाड आणि ताठर होतो. आकुंचन चांगले होते, प्रसरण होत नाही. ताठर कप्प्यात रक्त शिरण्यासाठी मागून अधिक दाब लागतो आणि तो दाब फुप्फुसांकडे सरकतो. इजेक्शन फ्रॅक्शन राखून असलेले हे हार्ट फेल्युअर वृद्धांमध्ये, त्यातही स्त्रियांमध्ये, विशेष आढळते. ‘फेल्युअर’ या शब्दाने घाबरण्याचेही कारण नाही. हृदय बंद पडणे असा त्याचा अर्थ नसून, शरीराला हवे तेवढे काम हृदय योग्य दाबात करू शकत नाही, एवढाच आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड परगण्यात अशा रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. इकोच्या मोजमापानुसार त्यांतील ८३ टक्के रुग्णांच्या फुप्फुसांतील दाब वाढलेला होता. ज्यांचा दाब अधिक, त्यांचे मृत्यूचे प्रमाणही अधिक होते.

भारतात या विकाराकडे पाहण्याची दृष्टी दीर्घकाळ वेगळी होती आणि तिला सबळ कारण होते. भिलाईची भट्टी पेटली त्याच १९५९ साली डॉ. एस. पद्मावती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीतील १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसांच्या जुनाट आजारामुळे हृदयाची उजवी बाजू थकलेले असे ते रुग्ण होते. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या स्त्रियाही त्यांत मोठ्या संख्येने होत्या, आणि चुलीच्या धुराकडे लक्ष वेधले गेले. धूर, क्षयाचे व्रण, दमा यांमुळे फुप्फुसांतील दाब वाढतो ही शिकवण तेव्हापासून पक्की झाली. ती खोटी नाही. हथखोजच्या कामगाराची छाती तपासताना धुळीचा विचार आधी करणे योग्यच आहे. लोकसंख्येचे वय वाढले, मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी पोचले, तसे कारणांचे प्रमाण मात्र पालटले. केरळमधील ५० रुग्णालयांतील सुमारे २ हजार रुग्णांची नोंद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पल्मनरी हायपरटेन्शनचे मूळ ५९ टक्के रुग्णांमध्ये डाव्या हृदयात होते. फुप्फुसांच्या आजारामुळे दाब वाढलेले रुग्ण त्याच्या चौथा हिस्साही नव्हते.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. लहानपणी संधिवाताच्या तापाने ज्यांच्या हृदयाची द्विदली झडप अरुंद झाली, त्यांच्यातही फुगवटा असाच मागे चढतो. काहींना हा दोष पन्नाशी-साठीनंतर प्रथम समजतो. येथे झडप उघडणे किंवा बदलणे हाच उपाय असतो आणि तो वेळेवर झाला तर फुप्फुसांतील दाब पुष्कळदा लक्षणीय उतरतो. विदर्भ आणि छत्तीसगड या दोन्ही प्रदेशांत आढळणारा सिकलसेल हा रक्तविकारही फुप्फुसांतील दाब वाढवू शकतो, पण त्याचा मार्ग वेगळा आहे.

चुकीच्या टोकाचे औषध

फुप्फुसांतील वाहिन्या आकसल्या असतील तर त्या सैल करणारे औषध द्यावे, हा विचार कोणालाही सुचेल. सिल्डेनाफिल हे असे औषध आहे. फुप्फुस धमन्यांच्या मूळ आजारासाठी त्याला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली आणि त्या तुलनेने तरुण रुग्णांना त्याचा खरोखर लाभ होतो. भारतात ते स्वस्त आहे. अहवालात ‘पल्मनरी हायपरटेन्शन’ हे शब्द दिसले की कधी डॉक्टरकडून, कधी ओळखीच्या रुग्णाचे पाहून, ते वृद्ध हृदयरुग्णांपर्यंतही पोचते.

धरणाच्या उदाहरणाकडे पुन्हा वळले तर यातील धोका स्पष्ट होतो. दरवाजे अडकलेले असताना वरच्या नदीचे पात्र रुंद केले तर जलाशयात पाणी अधिक वेगाने येईल. फुप्फुसांच्या वाहिन्या सैल केल्या की ताठर डाव्या हृदयाकडे अधिक रक्त येते, तेथील दाब वाढतो आणि फुप्फुसांत पाणी साचू शकते. प्रयोगांचे निष्कर्षही याच दिशेचे आहेत. वाहिन्या सैल करणारे इपोप्रोस्टेनॉल हे औषध तीव्र हार्ट फेल्युअरच्या ४७१ रुग्णांत तपासले जात होते. औषध घेणाऱ्या गटात मृत्यू अधिक होत असल्याचे दिसल्याने तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. त्याचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. सिल्डेनाफिलविषयी २०११ मध्ये ४४ रुग्णांच्या एका लहान अभ्यासाने आशा निर्माण केली होती. २०१३ मध्ये २१६ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत त्यांची चालण्याची वा श्रमाची क्षमता सुधारली नाही. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील ५२ रुग्णांच्या चाचणीत फुप्फुसांतील दाबही कमी झाला नाही. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतरही दाब राहिलेल्या २०० रुग्णांची स्पेनमधील चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात तर औषध घेणाऱ्यांची प्रकृती इतरांपेक्षा अधिक बिघडली. धमन्यांच्या मूळ आजाराची औषधे डाव्या हृदयामुळे झालेल्या विकारात वापरू नयेत, असे २०२२ च्या युरोपीय सूचना सांगतात. अडथळा फार वाढलेल्या मोजक्या रुग्णांबाबतचा निर्णय त्यांनी तज्ज्ञ केंद्रांवर सोपवला आहे.

छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी अनेक वृद्धांच्या खिशात असते. सिल्डेनाफिल चालू असताना ती घेतल्यास शरीराचा रक्तदाब एकाएकी कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो.

मग उपाय कोणता? फुगवटा उतरवायचा तर दरवाज्याकडेच जावे लागते. शरीरातील जादा पाणी काढणारी फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड यांसारखी औषधे धाप आणि सूज सर्वांत लवकर कमी करतात. सोबत शरीराचा रक्तदाब आटोक्यात ठेवणे, हृदयाची लय बिघडली असल्यास ती सांभाळणे, झडपेचा दोष वा रोहिणीतील अडथळा शोधून दूर करणे ही कामे येतात. दीर्घकाळ ताठर हृदयाच्या हार्ट फेल्युअरवर कोणतेच औषध निश्चित लाभ दाखवत नव्हते. मूळची मधुमेहावरील असलेली दोन औषधे येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडली. एम्पाग्लिफ्लोझिनच्या २०२१ मधील चाचणीत ५ हजार ९८८ रुग्ण होते. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात भरती होण्याचा एकत्रित धोका त्यात २१ टक्क्यांनी कमी झाला. डापाग्लिफ्लोझिनच्या २०२२ मधील चाचणीत अशीच घट १८ टक्के होती. मधुमेह नसलेल्यांनाही लाभ झाला. डापाग्लिफ्लोझिनमुळे डाव्या बाजूचा दाब विश्रांतीत आणि श्रमातही उतरतो, हे २०२३ मध्ये ३८ रुग्णांच्या हृदयात नळी घालून केलेल्या मोजमापातून दिसले. म्हणजे औषध दिले हृदयासाठी आणि भार उतरला फुप्फुसांचा. या दोन्ही औषधांची पेटंट भारतात संपली आहेत, पहिल्याचे मार्च २०२५ मध्ये आणि दुसऱ्याचे २०२० मध्ये, त्यामुळे किमती बऱ्याच खाली आल्या आहेत. जननेंद्रियांजवळ बुरशीचा संसर्ग होणे हा त्यांचा परिचित दुष्परिणाम आहे. कडक उपवास, उलट्या-जुलाब वा शस्त्रक्रिया अशा वेळी ती तात्पुरती थांबवावी लागतात.

घरातील हिशोब

औषधांची यादी बिनचूक असूनही अनेक रुग्ण पुन्हा पुन्हा रुग्णालयात येतात. त्यामागची कारणे बहुधा अगदी घरगुती असतात. लग्नाला जायचे आहे, बसचा प्रवास आहे, वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही, म्हणून त्या दिवशी ‘पाण्याची गोळी’ गाळली जाते. वृद्ध स्त्रिया याविषयी डॉक्टरांशी बोलतही नाहीत. गोळी गाळण्याऐवजी तिची वेळ बदलता येते का, एवढे विचारले तरी पुष्कळदा मार्ग निघतो.

गुडघेदुखी हे दुसरे कारण आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या औषधाच्या दुकानातून सहज मिळतात. त्या मूत्रपिंडावर परिणाम करून मीठ आणि पाणी शरीरात अडवून ठेवतात. पाणी काढणाऱ्या औषधाने जे साधलेले असते ते चार दिवसांच्या वेदनाशामकांनी वाया जाते. मधुमेहावरील पायोग्लिटाझोन हेही पाणी अडवणारे औषध आहे आणि हार्ट फेल्युअर असल्यास ते टाळतात. म्हणून प्रत्येक डॉक्टरला सर्व गोळ्या दाखवणे इष्ट ठरते, मग तो डॉक्टर हाडांचा असो वा डोळ्यांचा.

मिठाचा प्रश्न भिलाईतील मराठी घरांत दुहेरी आहे. लोणचे, पापड, सांडगे माहेराहून आलेले असतात आणि मीठ घालून खायचे बोरे-बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, छत्तीसगडने शिकवलेले असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. हार्ट फेल्युअरमध्ये मीठ अतिशय कडकपणे तोडल्याने मृत्यू वा भरती कमी होतात, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले नाही. तेव्हा वृद्धाचे जेवणच बेचव करून त्याची भूक मारण्यात अर्थ नाही, मात्र ताटातील लोणचे-पापडाचा जादा भार उतरवणे शहाणपणाचे आहे. उन्हाळ्यात हिशोब उलटाही होतो. मे महिन्यात या भागातील पारा ४५ अंशांकडे झुकतो, घामावाटे पाणी व क्षार जातात आणि हिवाळ्यात योग्य असलेली गोळीची मात्रा जास्त ठरून चक्कर येऊ शकते. मात्रा आपल्या मनाने न बदलता त्या दिवसांत एकदा तपासून घ्यावी.

फुप्फुस धमनीतील दाब घरबसल्या कळावा यासाठी एक छोटा संवेदक निघाला आहे. तो धमनीत कायमचा बसवतात आणि तो बाहेरच्या यंत्राला आकडा कळवतो. ५५० रुग्णांच्या अमेरिकेतील चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. आकड्यानुसार औषध बदलल्याने हार्ट फेल्युअरमुळे होणाऱ्या भरतींचे प्रमाण सहा महिन्यांत २८ टक्क्यांनी कमी झाले. त्या निरीक्षणातून लक्षात आलेली गोष्ट अशी की, रुग्णाला धाप लागण्याच्या बरेच दिवस आधी दाब चढू लागलेला असतो. असे उपकरण सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्यात नाही. वजनकाटा आहे. सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, रोज वजन करून वहीत लिहावे आणि तीन दिवसांत ते २ किलोने वाढले तर डॉक्टरांना कळवावे, ही सूचना जगभर दिली जाते. काटा संवेदकापेक्षा उशिरा सांगतो, तरीही सुजेच्या आधी सांगतो.

तपासणीच्या सोयी या परिसरात आहेत. भिलाई पोलाद कारखान्याचे सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र जुने आहे, आणि रायपूरची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था २०१२ पासून कार्यरत आहे. पोलाद कारखान्याचा निवृत्त कर्मचारी आणि हथखोजच्या लहान कारखान्यातून कंत्राटी म्हणून बाहेर पडलेला कामगार यांच्या परिस्थितीत मात्र मोठे अंतर आहे. आयुष्मान भारत योजनेचे वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, लागू झाले. त्यात रुग्णालयात दाखल झाल्यावरचे उपचार येतात. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि दर महिन्याची औषधे त्यात येत नाहीत. या विकारात भरती टाळणारा खर्च नेमका तोच आहे. वर्षातून एखादा इको, रक्ताच्या तपासण्या आणि रोजच्या तीन-चार गोळ्या यांचा भार निवृत्तीवेतन नसलेल्या कुटुंबाला स्वतःच उचलावा लागतो.